दप्तराआधी घराची तयारी

जून महिना आला की घरोघरी लेकरांच्या शाळेची लगबग सुरू होते. गणवेश येतो, वह्यांना कव्हरे चढतात, दप्तराचा तुटलेला बंद शिवून घेतला जातो. लेकरू सहा वर्षांचे असले तरी त्याच्यासाठी सारे घर चार दिवस झटते. पण त्याच लेकराची आई जर म्हणाली, "माझी दहावी राहिली आहे, ती मी यंदा पुरी करते," तर घर काय तयारी करते? बहुधा काहीच नाही. "कर की, नाही कोण म्हणतंय?" एवढे बोलून घरधनी मोकळे होतात. बाई अर्ज भरते, पुस्तके आणते, आणि दिवाळीपर्यंत ती पुस्तके फडताळात जाऊन बसतात.

मग लोक म्हणतात, तिला जमले नाही. तिच्या डोक्याला दोष देतात. मला वाटते, दोष डोक्याचा नसतो. शिक्षणाची तयारी झाली होती, घराची झाली नव्हती. म्हणून आज घराच्या तयारीविषयीच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आखाडा बाळापूर हे कळमनुरी तालुक्यातले मोठे बाजाराचे गाव. भोवतालच्या खेड्यांतून माणसे इथे येतात, तशीच लेकरेही शिकायला येतात. पण आज तिशी-पस्तिशीत असलेल्या कितीतरी आयांची शाळा सातवी-आठवीलाच सुटली. कुणाच्या गावात पुढची शाळा नव्हती, कुणाचे लग्न झाले, कुणाच्या पाठीवर चार भावंडे होती. आज त्याच बायकांना शिक्षणाची गरज भासते. अंगणवाडीची सेविका असो की मदतनीस, दोन्ही पदांना आता किमान बारावी उत्तीर्ण अशी अट आहे. आयटीआयच्या बहुतेक अभ्यासक्रमांना दहावी लागते. बचत गटाचा हिशेब ठेवायचा तर आकडेमोड लागते. आणि लेकरू पाचवीत गेले की त्याच्या वहीत काय लिहिले आहे हे आपल्याला कळावे, ही इच्छा तर प्रत्येक आईला असते.

हे नवल आजचे नाही. कोकणातल्या देवरूखच्या पार्वतीबाई आठवले यांचे लग्न लहानपणीच झाले. विसाव्या वर्षी वैधव्य आले. पदरात एक मुलगा. त्यांची थोरली बहीण म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई. सव्विशीच्या सुमारास पार्वतीबाई पुण्याला बहिणीच्या आश्रयाने शिकू लागल्या. पुढे हिंगण्याच्या आश्रमात त्यांनी शिकवले, संस्थेसाठी गावोगाव वर्गणी गोळा केली. १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्या इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. त्यांच्या जिद्दीचे कौतुक आपण करतोच. पण त्या जिद्दीच्या मागे बहिणीचे घर उभे होते, ही गोष्ट विसरू नये. मुलाकडे पाहणारे कोणी असल्याशिवाय कोणतीही आई पाटी हातात धरू शकत नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तिथले जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडे नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत येऊ लागल्या. वर्तमानपत्रांनी गुलाबी लुगड्याचे फोटो छापले. मला मात्र तिथली वेळ महत्त्वाची वाटते. ती शाळा दुपारी दोन ते चार भरत असे. सकाळचे घरकाम उरकलेले असते आणि संध्याकाळच्या चुलीला अजून अवकाश असतो. घराचे घड्याळ पाहून शाळेची घंटा ठरवली, म्हणून आज्या आल्या. आपणही आपल्या घराचे घड्याळ आधी पाहू.

आता पहिली गोष्ट : कोणत्या दाराने आत जायचे? ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांच्यासाठी 'उल्लास' नावाचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ पासून २०२७ पर्यंतच्या मुदतीचा आखलेला आहे. पंधरा वर्षांवरील कोणालाही त्यात शिकता येते. गावातली शाळा हे त्याचे केंद्र, आणि शिकवणारे स्वयंसेवक. शेवटी १५० गुणांची चाचणी होते, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण. महाराष्ट्रात अशी पहिली चाचणी १७ मार्च २०२४ रोजी झाली. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांच्यासाठी राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या पातळीच्या परीक्षा घेते. आणि दहावी करायची असेल तर खासगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा अर्ज भरता येतो. किमान पाचवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा त्याला लागतो. दहावी होऊन दोन वर्षे लोटली असतील तर बारावीसाठीही हाच सतरा नंबर. अर्ज साधारणपणे पावसाळ्यात सुटतात. नेमकी मुदत मंडळ दरवर्षी जाहीर करते, ती मुख्याध्यापकांना विचारून घ्यावी. एक ध्यानात ठेवा, बाळापूरला नांदेड जवळ असले तरी नांदेड जिल्हा लातूर विभागीय मंडळात मोडतो. आपला हिंगोली जिल्हा छत्रपती संभाजीनगर मंडळात आहे. नांदेडच्या नातेवाइकाने सांगितलेल्या कचेरीत खेटे घालू नका.

दुसरा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा. तिथे एकदा नाव नोंदवले की पाच वर्षे चालते, आणि या मुदतीत नऊ वेळा परीक्षेला बसण्याची संधी असते. एका वेळी एक-दोन विषय देऊन हळूहळू दहावी पुरी करता येते. बारावीच्या पुढे शिकायचे असेल तर १९८९ साली स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, त्याचे विभागीय केंद्र नांदेडला आहे.

यांपैकी कोणते दार आपले, हे कशावरून ठरवायचे? फी आणि अंतर पाहावेच, पण शेतकऱ्याच्या घराने सर्वांत आधी पंचांग पाहावे. पंचांग म्हणजे शेताचे पंचांग.

नीट पाहा. राज्य मंडळाची दहावीची परीक्षा २०२५ साली २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि मार्चच्या मध्यापर्यंत चालली. बारावी त्याच्याही आधी, ११ फेब्रुवारीला. आता आपल्या शिवारात फेब्रुवारीत काय असते? हळद! वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, साऱ्या जिल्ह्याला अभिमान वाटला. पण त्या हळदीची काढणी जानेवारी ते मार्च. पाला कापायचा, कंद काढायचे, वेचायचे, शिजवायचे, वाळत घालायचे, मग पॉलिश. वेचणीचे आणि मोडणीचे बहुतेक काम बायकांच्या हातचे. त्यातच हरभरा काढणीला आलेला. बरे, नापास झाल्यास पुरवणी परीक्षा असते, ती २०२५ साली २४ जूनला सुरू झाली. म्हणजे मृगाचा पाऊस पडून पेरणीची घाई असते, तेव्हा! घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी ही गत.

मंडळाने हे मुद्दाम केले असे नाही. परीक्षेचे वेळापत्रक शाळकरी मुलांसाठी असते, शेतातल्या आईसाठी नसते. म्हणून ते आपल्या घराशी जुळवून घेणे आपल्याच हाती आहे. ज्यांची हळद नाही, किंवा ज्यांच्या घरी फेब्रुवारीत एक माणूस मजुरीने लावण्याची ऐपत आहे, त्यांना सतरा नंबर सोयीचा. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे पाहावे. त्याच्या परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतात. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते, पण एप्रिल-मे त्या मानाने मोकळा. तिथे एकच शत्रू, लग्नसराई! भाचीच्या हळदीला गेले नाही तर लोक काय म्हणतील, हा प्रश्न येईलच. त्याचे उत्तर आधीच पाहुण्यांना सांगून ठेवावे.

हीच गोष्ट ऊसतोडीला जाणाऱ्या बापांची. दसऱ्यानंतर कुटुंबे बाहेर पडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांना फेब्रुवारीची परीक्षा कशी साधावी? एप्रिल-मेची साधू शकते. आणि बापानेही शिकावे. हा लेख केवळ आयांसाठी आहे असे कोणी समजू नये.

आता वेळेचा हिशेब मांडू. रोज दीड तास आणि आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे आठवड्याला नऊ तास. जुलैपासून जानेवारीपर्यंत सुमारे तीस आठवडे. त्यांतले चार सोयाबीनच्या काढणीत आणि दिवाळीत जाणार असे धरा. उरले सव्वीस आठवडे, म्हणजे २३४ तास. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे असे सहा विषय. एका विषयाला ३९ तास मिळाले. ज्याला मराठी वाचता येते त्याला एवढे तास पुरावेत, पण ते रोजचे हवेत. महिनाभर काही नाही आणि अमावास्येला रात्रभर, असे करून चालत नाही.

हा दीड तास येणार कुठून? ताई, एक दिवस सकाळी उठल्यापासून अंथरुणावर पडेपर्यंत काय काय केले ते कागदावर लिहा. सडा, चूल, पाणी, भाकऱ्या, लेकरांचे डबे, धुणे, गुरांचे शेण, शेत, पुन्हा पाणी, पुन्हा चूल. यादी मोठी होईल. घाबरू नका. मग त्या कामांचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगात ज्यांची वेळ हलवता येते ती कामे. धुणे रोजऐवजी एक दिवसाआड चालेल, दळण आठवड्याचे एकदम आणता येईल. दुसऱ्या ढिगात वाटून देता येतील ती. गुरांचे वैरणपाणी घरधन्याने, तान्ह्याला तासभर सांभाळणे सासूबाईंनी, हंडे भरणे आणि अंथरुणे काढणे मोठ्या लेकाने. तिसऱ्या ढिगात सोडून देता येतील अशी कामे. तीही असतात! चार जणांत नाव राहावे म्हणून आपण किती कामे करतो, ते ज्याचे त्याने पाहावे.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. आईचे काम थोरल्या लेकीच्या गळ्यात घालू नका. आई शिकावी म्हणून लेकीची शाळा बुडाली, तर घराने एका हाताने मिळवले आणि दुसऱ्या हाताने घालवले असे होईल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडच्या भागात आदिवासी मुलांसाठी काम केले. धाकट्या भावंडांना सांभाळायचे म्हणून थोरली मुले शाळेत येत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तेच सूत्र आपल्या घरी लावावे. तीन ते सहा वर्षांचे लेकरू अंगणवाडीत जाऊ द्यावे. त्याहून लहान असेल तर जाऊबाईंशी किंवा शेजारणीशी बोली करावी : "तुमच्या बाजाराच्या दिवशी तुमचं मी सांभाळते, माझ्या अभ्यासाच्या तासाला माझं तुम्ही पाहा." बोली स्पष्ट असली की मनात काही राहत नाही.

मग घरच्यांशी बोलणे. हे अर्ज भरून झाल्यावर नव्हे, आधी करावे. रात्री जेवणे झाली, सगळे निवांत बसले, की विषय काढावा. काय शिकणार, किती दिवस, खर्च किती, परीक्षा कधी, हे सारे एकदाच सांगावे. सासूबाई म्हणतील, "आता या वयात काय शाळा शिकतीस माय? आमचं नाही का झालं?" त्यांना उलट बोलू नये. त्यांच्या काळी मराठवाड्यात शाळाच दूर होत्या. त्यांच्या आईबापांनी निजामाचे राज्य पाहिले. तेव्हा वरच्या शाळेत उर्दू चाले, मुलीला कोण धाडणार? त्यांना शाळा मिळाली नाही, म्हणून शाळा आपल्या घरची नव्हे असे त्यांना वाटते. त्यांनाच 'उल्लास'च्या वर्गाला सोबत न्यावे. सून दहावीचा अभ्यास करते आणि सासू सही करायला शिकते, अशा घरात भांडण कशाला होईल?

घरधन्यांना दोन शब्द. परवानगी दिली म्हणजे काम संपले असे समजू नका. बायको अभ्यासाला बसली असता "चहा टाक" अशी हाक मारू नये, ही पहिली मदत. पाहुणे आले तर पाण्याचा तांब्या आपण द्यावा, ही दुसरी. आणि पारावर कोणी हसले तर आपण गप्प राहू नये, ही तिसरी.

लेकरांनाही सांगावे. मुले आईच्या शाळेवर खूष असतात, मात्र एक भीती असते, आई नापास झाली तर मित्र चिडवतील. म्हणून आधीच सांगून ठेवावे की नापास होणे हा गुन्हा नाही, ना तुझा ना माझा. संध्याकाळी एकाच दिव्याखाली सगळ्यांनी बसावे. आईने वाचावे, लेकरांनी वाचावे, मोबाईल बाजूला. गणित अडले तर मुलाला विचारायला लाजू नये, पण रोज त्यालाच गुरुजी करून त्याचा अभ्यास मोडू नये.

पैशांचा हिशेबही आधीच करावा. अर्जाची फी, वह्या, जाण्यायेण्याचे भाडे, आणि सर्वांत मोठा खर्च म्हणजे परीक्षेच्या दिवसांत बुडणारी मजुरी. आठ-दहा रोज बुडणार हे धरून सोयाबीन विकल्यावर तेवढी रक्कम बाजूला काढावी. पुस्तकांवर फार पैसा घालू नये. बालभारतीची पाठ्यपुस्तके मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतात. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मे भाडे आहे, तेवढी बचत होते.

कागदपत्रांचे काम पावसाळ्याआधी उरकावे. शाळा सोडल्याचा मूळ दाखला हवा. तो हरवला असेल तर जुन्या शाळेतून दुसरी प्रत काढावी. बहुतेक ठिकाणी अडते ते नावापाशी. दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधारकार्डावर सासरचे. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे दाखवायला लग्नाच्या नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा आणि अर्जावर कोणते नाव लिहायचे ते मुख्याध्यापकांना विचारूनच लिहावे. एकदा चुकीचे नाव गेले की गुणपत्रिका हाती आल्यावर हेलपाटे पडतात.

हे सगळे झाले, तरी अर्ज लगेच भरू नका. पंधरा दिवस रंगीत तालीम करा. शाळा सुरूच झाली आहे असे समजून रोज ठरल्या वेळी दीड तास बसा. कोणते काम अडते, कोण कुरकुर करतो, लेकरू कधी रडते, हे पंधरा दिवसांत उघडे पडते. पंधरापैकी दहा दिवस बसता आले तर खुशाल अर्ज भरावा. चारच दिवस जमले तर वेळ बदलून पुन्हा पाहावे, पहाटे किंवा दुपारी. तरीही जमले नाही तर सहा विषयांचा भार एकदम न घेता दोन विषयांचा मार्ग धरावा. एक ना धड भाराभर चिंध्या करण्यापेक्षा दोन धड बरे.

शिक्षकबंधूंना आणि शिक्षिकाभगिनींना एक विनंती. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, ती पुढे साऱ्या राज्यात गेली. तिचे बळ गावच्या शिक्षकातच होते. गावातले प्रौढ साक्षर झाले की गावाचा गौरव होई, त्यामुळे शिकणे ही लाजेची गोष्ट राहिली नाही. आज तुमच्या शाळेच्या दारात एखादी आई सतरा नंबरची चौकशी करायला आली, तर तिला खुर्ची द्या. "उद्या या" असे म्हणू नका. तिचा उद्याचा रोज बुडतो. तारखा एका कागदावर लिहून द्या. तिच्या मुलाच्या वर्गात तिची थट्टा होणार नाही एवढे पाहा. पालकसभेत असा विषय एकदा काढलात तर आणखी दोघी-तिघी पुढे येतील, आणि तिघी मिळून अभ्यासाला बसल्या की एकीचे लेकरू दुसरी सांभाळते.

नापास झाल्यास काय? ज्या विषयात राहिले तो पुन्हा द्यावा. मात्र घराने बसवलेली घडी मोडू नये. निकाल लागला की लोक म्हणतात, "आता पुरे." तेव्हाच घरच्यांनी म्हणावे, "दीड तास तसाच ठेव." एका विषयात राहिलेली बाई पाच विषय जिंकून आलेली असते, हे विसरू नये.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करा. पेटीच्या तळाशी असलेला शाळेचा दाखला शोधून काढा. त्यावरचे नाव आणि जन्मतारीख वाचून पाहा. आणि रात्री जेवणे झाल्यावर तो सगळ्यांसमोर ठेवून विषय काढा. पुढचे काम एकट्या आईचे नाही. ते साऱ्या घराचे आहे.